पासवर्ड तोंडातनं काढायचा न्हाय

भीतीचे किस्से लई लवकर जमतात हो! एकटा घाबरला तर गप बसतो, चौघं मिळून घाबरले की किस्सा होतो.

आमी चौघं म्हणजे मी, माझी बायको कौसल्या, किराणावाले मल्लूअण्णा आणि शेजारच्या गंगूबाई. रविवारी दुपारी अणदूरच्या खंडोबाच्या ओवरीत बसायचो. शाळेतली मास्तरीण सुमन आमाला फोन शिकवायची.

पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "जगभरातले फोन, कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेत. त्यालाच इंटरनेट म्हणायचं."

मल्लूअण्णांनी हळूच धोतर सावरलं. "म्हंजे आपुन बी दिसतोय व्हय तिकडं?"

*

"लिंक म्हणजे दार. बोट लावलं की दुसरीकडं नेतं. अनोळखी दाराला बोट लावायचं नाही," सुमन म्हणाली.

त्याच संध्याकाळी अण्णांचं बोट लागलं! फोनातून कुणी बाई बोलायला लागली. अण्णांनी घाबरून फोन ज्वारीच्या पोत्यात खुपसला आणि ओट्यावर येऊन बसले.

आतून त्यांच्या बायकोची आरोळी, "अहो, धावा! पोत्यात कोन बाई हाय?"

*

डाउनलोड म्हणजे तिकडचं आपल्या फोनमध्ये उतरवून घेणं. गंगूबाईंनी खंडोबाची आरती उतरवली, आणि त्यांना दोन दिवस घास गिळंना. तिसऱ्या दिवशी सुमनपुढं हात जोडले.

"ती वापस कर माय. तिकडं आरतीचा खोळंबा झाला आसंल!"

*

पासवर्डची तर सगळ्यांनाच धास्ती. सुमन म्हणाली, "ही फोनमधल्या आपल्या खात्याची किल्ली. मनात जपायची, तोंडातून काढायची नाही. नवऱ्यालासुद्धा सांगायची नाही."

कौसल्या सातवी शिकलेली. सुमनला तोंड फिरवायला लावून तिनं एकेक अक्षर स्वतः दाबलं.

"इसरशील की!" मी म्हणालो.

"ह्ये न्हाय इसरत," म्हणाली आणि पदराआड हसली.

*

गेल्या साली कौसल्या गेली. तिच्या फोनमध्ये तिचा आवाज होता, मी रोज ऐकायचो. एक दिवस फोन हातातून निसटून हौदात पडला.

बंदच पडला. तसाच घेऊन ओवरीत सुमनकडं गेलो.

सुमन नवा फोन घेऊन बसली. "तात्या, घाबरू नका. एक प्रत दूर, कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असते. त्यालाच क्लाउड म्हणतात. फक्त काकूंचा पासवर्ड पाहिजे."

खंडोबाचं नाव टाकलं. चूक. पोराचं टाकलं. चूक. गाईचं टाकलं. चूक!

"आता जपून," सुमन म्हणाली. "फार चुकलं तर कुलूप लागतं."

अण्णांनी डोळे मिटले. जे काय राहिलंय ते एवढंच, आणि त्यालाही कुलूप!

गंगूबाईंनी पदर तोंडाला लावला. "सुमन, तात्याला त्यांचं सोताचं नाव इचार."

"माझं? मारुती."

सुमननं सावकाश अक्षरं दाबली. फोन थोडा थांबला. मग ओवरीत आवाज आला, "अहो, ऐकलं का? शेळ्या बांधल्या का?"

"व्हय," मी म्हणालो, "बांधल्या."