सगळ्यांचे वडील लाल

अकोल्याहून छोट्या लाइनीची गाडी तेव्हा थेट जयपूरला जायची. बाबांनी मला खिडकीची जागा धरून दिली, ट्रंक बाकाखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. आई स्टेशनवर आलीच नाही. तिचा राग होता. मूर्तिजापूरचं चांगलं स्थळ चालून आलं होतं आणि मी ते सोडून राजस्थानात कॉम्प्युटरच्या नोकरीला निघाले होते. नोकरी तरी पक्की होती का? तीही नाही. सहा महिने शिकाऊ म्हणून राहायचं, काम जमलं तर कायम, नाही तर परत. परत म्हणजे मूर्तिजापूर, हे घरात कुणी न बोलताच ठरलेलं होतं. गाडी हलली तेव्हा बाबा म्हणाले, "जमलं नाही तं वापस ये. लाजू नको." मी मान डोलावली, पण मला परत यायचं नव्हतं.

सुमन, प्रभा, नलू, तुम्ही अकोल्यातच राहिलात, म्हणून हे मुद्दाम तुमच्यासाठी लिहिते आहे. आणि माझ्यासारख्या ज्या कुठे कुठे निघून गेल्या, त्यांच्यासाठीही. त्यांना यातलं बरंचसं सांगावंच लागणार नाही.

जयपूरला बाबांच्या ओळखीचे सोनवणे काका होते. रेल्वेत गार्ड, भुसावळहून बदलून आलेले. त्यांच्या क्वार्टरमधली मागची खोली मला मिळाली. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पाहुणी म्हणून आली असशील तर दोन दिवस. घरची म्हणून आली असशील तर कितीही राहा." त्यांची मुलं जयपुरातच वाढलेली. "दीदी, तुम्ही खाना खाल्ला?" असं ती मला विचारायची आणि मी हसले की खट्टू व्हायची. पुढे माझीच मराठी तशी होत गेली, तेव्हा हसायला मुलांची पाळी आली.

ऑफिस सिव्हिल लाइन्सच्या बाजूला होतं. सॉफ्टवेअर इंजिनियर हा शब्द तेव्हा आमच्याकडे पोहोचला नव्हता. मी ज्युनियर प्रोग्रॅमर. माझ्या आत्याला तर शेवटपर्यंत वाटायचं की मी टायपिंग करते, आणि इतक्या लांब जाऊन टायपिंग कशाला, हा तिचा प्रश्न मला काही सोडवता आला नाही. यंत्राच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर काढायच्या, देवळात जावं तशा. आत एवढा गारठा की जयपूरच्या मे महिन्यात, बाहेर लूचे भाजणारे वारे चालू असताना, आम्ही स्वेटर घालून बसायचो. रोजचं काम मात्र बाहेरच्या टेबलांवर. चौकटी आखलेल्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर, असा प्रोग्रॅम पेन्सिलीनं लिहायचा, तो टाइप होऊन यंत्रात जायचा आणि आपली चूक काय झाली ते दुसऱ्या दिवशी छापून हातात यायचं. धुळीची आंधी आली की सगळं टाकून आधी खिडक्या लावायला पळायचं. वाळूपुढे साहेब आणि शिकाऊ सारखेच असायचे.

मला मिळालेलं पहिलं मोठं काम म्हणजे शाळामास्तरांची यादी. एका खात्याला राज्यातल्या शिक्षकांची यादी हवी होती: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं वेगवेगळ्या रकान्यांत. कागदांवर पूर्ण नाव सलग लिहिलेलं. मला वाटलं, यात काय अवघड? पहिला शब्द नाव, मधला वडिलांचा, शेवटचा आडनाव. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत हेच तर असतं. प्रोग्रॅम तपासायला काही नावं घालावी लागतात, ती मी मनानंच घातली. तुमची घातली. सुमन, प्रभा, नलू, आपला अख्खा वर्ग, वडिलांच्या नावासकट. घालताना फार बरं वाटलं. जयपूरच्या त्या थंडगार खोलीतून तुम्ही सगळ्या रांगेनं छापून बाहेर आलात, प्रत्येक जणी आपापल्या रकान्यात, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी खूश.

मग खरी नावं घातली.

यादी छापून आली ती थेट खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर. त्यांनी दोन पानं उलटली, चष्मा काढला आणि आमच्या माथुर साहेबांना म्हणाले, "माथुर जी, आधे राजस्थान के पिता का नाम लाल है. और बहनजियों के पिता देवी हैं." मोहन लाल शर्मांचे वडील लाल. कमला देवी मीणांचे वडील देवी. भंवर सिंह यांना तर वडीलच नव्हते. लाल आणि देवी हे नावाचाच भाग असतात, हे अकोल्याच्या मुलीच्या डोक्यात आलंच नव्हतं. खोलीभर हसू उसळलं. मला समोर मूर्तिजापूर दिसायला लागलं.

माथुर साहेब मात्र हसले नाहीत. "जाँच मुझे करनी थी, मैंने नहीं की," एवढं ते अधिकाऱ्यांना म्हणाले आणि पंधरा दिवस मागून घेतले. माझं नावसुद्धा मध्ये आणलं नाही. अधिकारी गेल्यावर मला म्हणाले, "कल झोटवाड़ा जाइए. वहाँ के स्कूल में बैठिए, लोगों से पूछिए नाम कैसे चलते हैं. फिर लिखिए." इतकी वर्षं झाली, माझ्या हाताखाली कितीतरी नवी मुलं येऊन गेली, आणि प्रत्येकाच्या पहिल्या चुकीला मला माथुर साहेब आठवतात. त्यांचे उपकार मी फेडू शकले नाही, पुढच्यांना देत राहिले.

घरी येऊन काकूंपुढे रडले, तर त्या पोळी लाटता लाटता हसायला लागल्या. "अगं, तुझ्या काकांचं नाव भास्कर तुकाराम सोनवणे. इथे शेजारीपाजारी ते सगळं त्यांचंच नाव समजतात आणि त्यांना तुकारामजी म्हणतात. तुकाराम माझे सासरे! कुणी दारातून हाक मारली की अजून माझा हात डोक्यावरच्या पदराकडे जातो." मग मलाही हसू आलं. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शहराच्या टोकाला असलेल्या झोटवाड्याच्या शाळेत मोठ्या बाईंनी मला चहा दिला, आपल्या शिक्षकांना एकेक करून समोर बसवलं आणि ज्याचं त्याचं नाव ज्याच्या त्याच्या तोंडून वदवून घेतलं. कुणाला आडनावच नव्हतं, कुणी गोत्र लावायचं, कुणी काहीच नाही. मी लिहून लिहून थकले. शेवटी बाई म्हणाल्या, "बेटी, पिताजी का नाम चाहिए तो पूछ लो, सब बता देंगे. नाम में से क्यों निकालती हो?"

तसंच केलं. पूर्ण नाव एका रकान्यात, माणूस सांगेल तसं. वडिलांचं नाव वेगळं विचारून. सगळा प्रोग्रॅम नव्यानं लिहिला. या वेळी यादी चाळताना अधिकारी हसले नाहीत, एकदाच मान हलवली. सहा महिने संपले त्या दिवशी माथुर साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "अकोला तार कर दीजिए. आप यहीं रह रही हैं."

त्या दिवाळीला अकोल्याला आले ते तुम्हाला आठवत असेल. काकूंनी दिलेली घेवराची, तिकडच्या मिठाईची, पेटी घेऊन आले होते. बाबा सगळ्यांना सांगत सुटले होते की पोरगी कायम झाली. आई मात्र वाढत होती, उरलंसुरलं आवरत होती, माझ्याकडे नीट बघत नव्हती. भाऊबीज झाली आणि जेवताना माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "परवा घरी जायला निघायला हवं."

बोलले आणि घास हातातच राहिला. बाबांनी ताटात मान घातली. आई वाढायची थांबली. 

तिनं माझ्या भातावर तुपाची धार सोडली, नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"दोन घरं झाले वं तुले," ती म्हणाली. "लोकाईले एक भेटत नाही."