फोटो काढा म्हणाली ती

आमची खोली आणि धाकट्या दिरांची खोली यांच्यामध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. भिंत म्हणायचं ते आपलं मोठेपण. पलीकडे कुणाला उचकी लागली की अलीकडे आम्ही पाणी घेऊन उठायचो. त्या फळ्यांतून एका रविवारी सकाळी माझ्या धाकट्या जावेचा आवाज आला.

"माझा फोटो काढा! आत्ताच्या आत्ता काढा!"

मी भाजी निवडत होते, माझा हात थांबला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण या बाईने नवऱ्याला तोंडाने कधी 'फोटो काढा' म्हटलं नव्हतं. भावजींनाही नवल वाटलं असणार. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"आत्ता? थांब हं. जरा खिडकीशी ये. उजेड छान आहे."

कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीचं बटण उघडलं, टक्. आणि मग काहीतरी दाणकन आपटलं.

"काचेतून काढा! त्या स्टुडिओच्या काचेतून काढा म्हणतेय मी! इथे काय काढताय, माझं कपाळ?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तो फोटो मीही पाहिला होता. पाहिला होता आणि हसलेही होते.

भावजी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांची सोय करायची आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांची. जुना कॅमेरा, दोन लेन्स, एक तिवई, बस्स. फोटो काढताना डावा डोळा मिटायची अशी सवय लागली होती की जेवतानाही ते ताटाकडे एकाच डोळ्याने बघत. माझे यजमान त्यांना 'एकडोळ्या' म्हणायचे. तुझी भाजी अर्धीच वाढायला सांगतो, म्हणायचे.

त्यांनी कुणाकडून तरी एक लांबची लेन्स मिळवली होती. तीन जिन्यांवरून खालच्या नळावरच्या माणसाच्या पापण्या दिसाव्यात अशी. तिच्यातून पहिला फोटो काढला तो बायकोचा. ती खाली नळावर कपडे धूत होती. दोन्ही हात फेसाने भरलेले, केस तोंडावर आलेले, म्हणून खालचा ओठ पुढे काढून ती स्वतःच्याच कपाळावर फुंकर मारत होती. फोटो चांगला होता, खोटं कशाला बोलू. ती अगदी तश्शी होती त्यात. भावजी मला म्हणाले होते, "वहिनी, जन्मात असा एक निघाला तरी पुरे."

रोल नाक्यावरच्या स्टुडिओत धुवायला दिलेला. स्टुडिओवाल्याने विचारलं, मोठा करून काचेत लावू का? भावजींची छाती फुगली. लावा, म्हणाले. बायकोला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आणि स्टुडिओवाल्याने तो बरोब्बर आपल्या पाटीखाली लावला. पाटी होती, 'येथे स्वच्छ धुऊन मिळेल'. रोल धुऊन मिळेल, असं त्याला म्हणायचं होतं. पण खाली ही ओठ काढून कपडे धुतेय!

सगळा रस्ता हसला. दूधवाला हसला, शाळेच्या मास्तरणी हसल्या. "अहो, आमची चादर घ्याल का?" असं एकाने तिला तोंडावर विचारलं. तिथून तिचं नाव पडलं 'धुणेवाली'. मी काचेसमोर उभी राहून पोट धरून हसले, आणि ती माझ्या मागेच उभी होती. मला ते नंतर कळलं.

फोटो काचेतून निघाला आठ दिवसांनी. स्टुडिओवाला म्हणे, गिऱ्हाईक वाढलंय, राहू दे की. शेवटी भावजींनी स्वतः काच सरकवून तो काढला. घरी आणल्यावर तिने मोठा फोटो चुलीत घातला. मग नेगेटिव्ह मागितलं आणि कात्रीने त्याच्या शेवया केल्या. भावजी शेजारी उभे राहून बघत होते.

"यापुढे तो डोळा माझ्यावर धरायचा नाही," ती म्हणाली. "कधीच नाही."

"बरं," भावजी म्हणाले.

आता दुसरा कुणी असता तर आठवड्याने चुकलो म्हणाला असता. काही आणलं असतं, चार दिवस तिच्या मागे मागे केलं असतं. भावजींनी फक्त हुकूम पाळला. अडतीस वर्षं! नवरा कसला, सरकारी कचेरीतला कारकून. नाही म्हणजे नाही, शिक्का मारला, फाईल बंद.

त्यांनी जगातलं सगळं टिपलं. गंजलेले नळ, जिन्यावरचं मांजर, न्हाव्याच्या हातातला वस्तरा, माझ्या मुलांचे पडलेले दात. घरातल्या साऱ्यांचे फोटो काढले. ही चौकटीत आली की ते कॅमेरा खाली घ्यायचे, ती बाजूला झाली की परत वर. तरीही कुठे कुठे ती आलीच आहे. एका फोटोत कोपर आहे. एकात वेणीचं टोक आहे. एका वाढदिवसाच्या फोटोत नुसता हात, पाण्याचा पेला पुढे करणारा.

आणि गंमत बघा, त्या काचा जपल्या कुणी? तिनेच. लेन्सला ओल लागली की आत बुरशी धरते म्हणे, कोळ्याच्या जाळ्यासारखी. म्हणून कपाटात एक बारका दिवा चोवीस तास जळत ठेवलेला असायचा. तो गेला की भावजींच्या आधी तिला कळायचं. स्टुलावर चढून नवा बसवायची आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "माझ्या गुडघ्यांना ओल लागली तर चालेल, पण काचेला नको."

मी एकदा तिला म्हटलं, "अगं धाकटे, सोड आता. एक काढू दे त्यांना. किती आस आहे त्यांच्या मनात, दिसतं मला."

"मला नाही दिसत. विचारलंय का त्यांनी कधी?"

भावजींना म्हटलं, तर ते म्हणाले, "तिने सांगितलंय ना, नको म्हणून? तिने सांगावं, मी काढतो."

दोघंही आपापल्या दारात उभी. आधी कुणी बाहेर यायचं, एवढ्यावर जन्म गेला.

मग ती आजारी पडली. मूत्रपिंडं गेली होती. चेहरा सुजायचा, उतरायचा. पलंग खिडकीशी ओढला होता. समोरच्या भिंतीवर तिच्या आईचा एक जुना फोटो होता. एका सकाळी मी पेज घेऊन गेले, तर भिंतीवर नुसता चौकोन. खिळा होता, फोटो नव्हता.

"आई कुठे गेली गं?"

ती माझ्याकडे बघून हसली. ते हसणं मला अजून आवडत नाही.

"ताई, आज बरं वाटत होतं. केस विंचरले. उजेड चांगला होता. म्हटलं, अहो, फोटो काढा. तर यांनी स्टूल आणलं, आईला खाली उतरवलं, पुसून कपाटात ठेवलं आणि विचारतायत, आता बरं वाटतं का?"

"अगं मग सांगायचंस ना! माझा काढा म्हणायचं!"

"सांगितलं की. अडतीस वर्षांनी सांगितलं. आणखी किती वेळा सांगू?"

"मी सांगते त्यांना."

तिने माझं मनगट धरलं. त्या हातात कुठून जोर आला कोण जाणे. "सांगशील तर तुझ्याशी बोलणार नाही. त्यांचं त्यांना कळू दे. नाही कळलं तर राहू दे."

चौथ्या दिवशी ती गेली. मधे मला तीन दिवस मिळाले होते. जिन्यात भावजी रोज भेटत होते, औषधं आणत होते. मी मनाला समजावलं की तिचा शब्द मोडायचा नाही. खरं तर मला भीती वाटत होती. काचेसमोरचं ते हसणं पुन्हा कुणी काढलं असतं, तर मी कुठे तोंड लपवणार होते?

माणसं जमली. कुणीतरी म्हणालंच, "फोटो कुठे आहे? भिंतीवर लावायला पाहिजे." मग कुजबूज, "अहो, फोटोवाल्याच्या घरात बायकोचा फोटो नाही?"

एकच होता. ओळखपत्रावरचा. कचेरीतल्या कुणी अनोळखी माणसाने, खुर्ची पुढे घ्या, मान वर करा म्हणत काढलेला, अंगठ्याच्या नखाएवढा. भावजींनी ते कार्ड खिडकीत दोन पुस्तकांना टेकवून उभं केलं, तिवई लावली आणि ढग येऊन उजेड सारखा होईपर्यंत नुसते बसून राहिले. मग दुसऱ्याने काढलेल्या वाईट फोटोचा फोटो काढला, आपल्या सगळ्यात चांगल्या लेन्समधून.

मोठा केल्यावर शिक्क्याची निळी कमान हनुवटीवरून आली. भावजींनी बारीक ब्रशने ती पुसायला घेतली. शिक्का गेला, पण हनुवटीही थोडी गेली. स्टुडिओवाला चौकट देताना म्हणाला, "छान आलाय. तुमच्या हातचाच वाटतो."

त्यानंतर कपाटातला दिवा एकदा गेला, तो गेलाच. त्यांनी नवा बसवला नाही. सहा महिन्यांनी मी कपाट उघडलं, तर लांबच्या लेन्समध्ये पांढरी जाळी चढली होती. मी दाखवली, तर म्हणाले, "असू दे."

एक काम मात्र त्यांनी सोडलं नाही. माझ्या चष्म्याचा स्क्रू सैल व्हायचा, दर दोन-तीन महिन्यांनी. मग ते चष्मा घेऊन आपल्या जुन्या दुकानात जायचे आणि स्वतः बसून नीट करून आणायचे. त्याही दिवशी आले. चष्मा हातात घेतला, काडी हलवून बघितली आणि तिथेच उभे राहिले.

"वहिनी, एक विचारू? ती जायच्या आधी 'फोटो काढा' म्हणाली होती. मी तिच्या आईंचा उतरवला."

"हं."

"उतरवायचा असता तर ती 'आईचा' म्हणाली असती. नुसतं 'फोटो काढा' म्हणाली. दोन वर्षं झाली, डोक्यातून जात नाही. तुम्हाला काही बोलली होती?"

मी ओट्याकडे वळले. पुसलेला ओटा परत पुसला.

"बोलली की. आईचं तोंड सारखं समोर नको वाटतं म्हणाली. बरं झालं उतरवला, म्हणाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. डावा डोळा मिटून. चष्म्याशिवाय मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, ते एक बरं.

"मग बरं," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत आणतो."

दुसऱ्या सकाळी ते झोपेतून उठलेच नाहीत. पण आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, जिन्यात पावलं वाजली. चष्मा मऊ फडक्यात गुंडाळलेला होता. दोन्ही स्क्रू घट्ट, काचा धुतलेल्या.

"घालून बघा."

मी घातला.

"कानामागे टोचत नाही ना?"

"नाही."

"दोन महिने बघायला नको आता," ते म्हणाले. फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि दार ओढून घेत आपल्या खोलीकडे गेले.