मागच्या सीटवरचं घोंगडं

अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या या कागद गिरणीच्या गावात शिव्यांना तोटा नाही. पण एक शब्द कुणी रागाच्या भरातही उगाच उच्चारत नाही, तो म्हणजे स्कॅब. संप चालू असताना फाटक ओलांडून दुसऱ्याच्या जागेवर कामाला उभा राहतो, तो स्कॅब. कोण स्कॅब आणि कोण नाही हे ठरवायचं काम आमच्या गिरणीतल्याच ओझिल्डा थेरियोचं. ते तिला कुणी दिलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं.

"संप मिटल्यावर लागला, तो नवा गडी. त्याला काही म्हणायचं नाही," ती बजावायची. "आपण बाहेर असताना आत गेला, तो स्कॅब. आणि हे नाव मेल्यावरही सुटत नाही."

बऱ्याच वर्षांपूर्वी, मागच्या संपात तिचा सख्खा धाकटा भाऊ लेआँद्र आत गेला. बायको अंथरुणाला खिळलेली आणि संप होताच कंपनीने औषधपाण्याचा विमा बंद केलेला. हे सगळ्यांना ठाऊक होतं, ओझिल्डालाही. तरी फाटकावर सगळ्यात मोठ्याने तीच ओरडली. तेव्हापासून बोलणं तुटलं. चर्चमध्ये लेआँद्र बसला की त्याचं बाक रिकामं व्हायचं. आईला पुरलं तेव्हाही ही बहीणभावंडं खड्ड्याच्या दोन बाजूंना उभी होती. मला ओझिल्डाचा रागच यायचा. कारण रोज संध्याकाळी ती वाट वाकडी करून त्याच्या घरावरून जायची, दिवा लागलाय का ते बघायची, आणि आम्हाला सांगायची की गुडघ्याला चालणं बरं असतं.

या वसंतात पुन्हा संप झाला. पहिल्या सकाळी आम्ही फाटकाशी उभे होतो. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी ओझिल्डा नुसती रस्त्याच्या वळणाकडे बघत होती.

"तो आला तर?" मी विचारलं.

"आला तर मीच म्हणणार स्कॅब. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ते ऐकायचं नाही."

पाळीच्या वेळेला लेआँद्रची गाडी वळणावर दिसली. मागच्या सीटवर घोंगडं पसरलेलं आणि त्याखाली काहीतरी फुगलेलं. मागच्या संपात कंपनीने बाहेरगावची माणसं अशीच आत नेली होती, घोंगड्याखाली आडवी झोपवून.

"बघा, या खेपेला जोडीदारही आणलाय," आमचा पुढारी नॉर्मां गरजला. लोक गाडीवर धावले. सगळ्यांच्या पुढे ओझिल्डा होती. तिने मागचं दार उघडलं, घोंगड्याखालच्या माणसाची मानगूट धरायला हात घातला आणि किंचाळून मागे सरली.

घोंगड्याखाली बीन्सचं लोखंडी भांडं होतं. रात्रभर जमिनीत, निखाऱ्यांवर पुरून शिजवलेलं. झाकणाच्या फटीतून वाफ येत होती आणि सगळ्या रस्त्यावर मेपलच्या पाकाचा वास सुटला होता.

लेआँद्र खाली उतरला. केस पार पांढरे झालेले. "गरम राहावं म्हणून झाकलं होतं," तो म्हणाला. "भाजलं का गं, झिल्डा?"

"नाही, थंड वाटलं," ती फणकारली. बोटं तोंडात घालून ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला हाक मारली होती.

"तुमच्यात मी कुठं उभा राहू?" लेआँद्रने विचारलं.

नॉर्मां पुढे आला. "थांब जरा, ओझिल्डा. तूच सांगतेस ना, ते नाव मेल्यावरही सुटत नाही म्हणून? हा स्कॅबच ना?"

ओझिल्डाने भाजलेला हात स्कर्टला पुसला, भावाचा दंड धरला आणि त्याला ओढत आपल्या शेजारी आणून उभं केलं.

"होता," ती म्हणाली. "वाट्या आणा. बीन्स निवतील."