ताजुद्दीनची चेनपुली आणि कोंडाजी

कुरवंड्यात विहिरीतली मोटर दोराने ओढून काढायला सगळे कोंडाजींना बोलावत. मग कामशेतचा ताजुद्दीन चेनपुली घेऊन येऊ लागला आणि कोंडाजींना कोणी विचारेना.

"असलं काम बाई बी करंल," ते कुढत म्हणायचे.

परवा त्यांचीच मोटर बिघडली. बायकोने, सरुबाईंनी, ताजुद्दीनला बोलावलं आणि हौसेने साखळी स्वतः ओढली. हातभर साखळी ओढली की मोटर बोटभर वर येई.

"लय हळू," कोंडाजी पुटपुटले.

"पर दम लागत न्हाई," सरुबाई म्हणाल्या.

मोटर वर येऊन लटकत राहिली.

"आबा, काठावर ओढून घ्या. पुली नुसतीच वर नेते," ताजुद्दीन कोंडाजींना म्हणाला.

कोंडाजींनी मोटर एका हाताने ओढून घेतली.

"कडंला ओढता येत न्हाई त्या पुलीला," त्यांनी सरुबाईंना रात्री जेवतानाही सांगितलं.