लाल मुठीवरचे दोन टाके

पडदा वर जातो तो एका लांबलचक टेबलावर. सकाळ आहे. खिडकीतून आलेला उजेड नेमका टेबलावर पडलाय, जणू कुणीतरी तिथं दिवा रोखून धरलाय. दोन शिलाई मशीन, तीन कात्र्या, मेणाचा गोळा, साबणाच्या पाण्याची परात. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला, पोट फाटलेला केशरी पतंग. मागे समुद्राची गाज. टेबलापाशी, चष्मा कपाळावर चढवून, सत्तरीकडे झुकलेले एक गृहस्थ उभे आहेत. सगळा किनारा त्यांना मामा म्हणतो.

खरं म्हणजे ते एकीचेच मामा. पण भाचीची हाक ऐकून तिच्या मैत्रिणी, मग मैत्रिणींचे विद्यार्थी, मग बर्फाची गाडी आणणारासुद्धा मामा म्हणू लागला. मामी म्हणायच्या, "मला एवढ्या नणंदा आहेत हे लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं."

मामांचा जन्म गेला तंबू, छतं आणि होड्यांची शिडं शिवण्यात. उतारवयात हा नवा खेळ किनाऱ्यावर आला. काइटसर्फिंग. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या हुकात एक कडी, कडीपासून निघालेल्या वीस-बावीस मीटरच्या दोऱ्या आणि त्यांच्या टोकाला आभाळात खोलीएवढा पतंग. वारा पतंग ओढतो आणि माणूस पाण्यावरून धावतो. पतंग फाटले की मामांकडे येत. मामांनी शिवलेली शिवण पुन्हा उसवली असं कधी घडलं नाही. कुणी तसं म्हणालं की मामा मान खाली घालत. आतून मात्र दोन इंच उंच होत.

कडीच्या वर एक लाल मूठ असते. काही बिनसलं तर ती पुढे ढकलायची. कडी उघडते, पतंगाचा जोर निघून जातो. लाटा फुटतात तिथं तर हीच मूठ जीव वाचवते, कारण पडलेल्या पतंगात लाट शिरली की तो पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखा माणसाला ओढत नेतो. खेळ शिकवणारे मास्तर नवख्यांकडून आठवडाभर वाळूवर तेवढंच करून घेत: मूठ ढकल, पुन्हा लाव, पुन्हा ढकल.

भाचीची मूठ जुनी झाली होती. वापरून सैल पडलेली. जरा धक्का लागला की आपोआप सुटायची. भर समुद्रात दोनदा सुटली आणि किनाऱ्यावर हशा पिकला. दोन दिवसांवर तिची लाटांमधली परीक्षा होती. ती पार पडली की ती स्वतः शिकवणारी होणार होती. ती मामांकडे आली आणि टेबलावर चढून बसली.

मामांनी सांगून पाहिलं की मास्तरांना दाखव, मूठ बदलून घे. तिनं सांगितलं की नवी यायला पंधरा दिवस लागतील. मग लहानपणी लाडीगोडी लावताना काढायची तोच आवाज काढून म्हणाली, "मामा, दोनच टाके. नुसती धरून ठेवण्यापुरते."

मामांनी मनात ठरवलं ते बरोबरच होतं. कच्चा धागा घ्यायचा, शिवणीआधी कापड जोडायला वापरतात तो. जोरानं ढकललं की तुटेल असा. तसं त्यांनी तिला सांगितलंही. पण चाळीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला तो मेण लावलेल्या शिडाच्या धाग्याकडे. गाठ मारून झाल्यावर त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी मूठ ढकलून पाहिली. हलली नाही. टाके सुरेख बसले होते, एकाला एक समांतर. उसवावेत असं मनात आलं. पण भाची दारात उभी राहून घाई करत होती. आणि खरं सांगायचं तर, ते टाके पाहून मामा थोडे सुखावलेही होते.

परीक्षेच्या दिवशी वारा मध्येच पडला. पतंग फुटणाऱ्या लाटांमध्ये कोसळला. भाचीनं मूठ ढकलली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दोन्ही हातांनी. मूठ ढिम्म. पतंगात पाणी भरलं आणि पुढच्या लाटेनं तिला पाण्याखालून फरफटत नेलं. ती लाट पुढं सरकली तेव्हा दोऱ्या क्षणभर ढिल्या पडल्या. तेवढ्यात तिनं कडी हुकातून हातानं उपसून काढली. त्यात दोन बोटं मोडली. मग पतंगाला बांधून ठेवणारी कमरेची दुसरी दोरी सोडली, पतंगावर पाणी सोडलं, घोट्याला गुंडाळलेली दोरी पट्ट्यातल्या छोट्या सुरीनं कापली आणि लाटेशी न झगडता लाटेबरोबरच काठाला आली.

मास्तरांनी निकाल दिला: घाबरली, मूठ नीट ढकललीच नाही. वर्षभर लाटांत जायचं नाही. भाचीनं ते खरं मानलं. संध्याकाळी मामांकडे येऊन प्लास्टर घातलेल्या हाताकडे बघत म्हणाली, "मामा, ऐन वेळी माझ्या हातात जोरच उरला नाही रे." तेव्हापासून ती गुडघाभर पाण्यातही जाईना.

चौथ्या दिवशी मासेमारांना पतंग सापडला आणि रिवाजाप्रमाणे थेट मामांच्या टेबलावर आला. पडदा उघडला तेव्हा आपण पाहिला तो हाच पतंग.

मामांनी लाल मूठ हातात घेतली. चष्मा खाली ओढला. दोन्ही टाके जागच्या जागी होते. समुद्रानं पतंगाचं पोट फाडलं होतं, दोऱ्यांचा गुंता केला होता, पण त्या दोन टाक्यांचा एक तंतूही सुटला नव्हता.

कात्रीचं टोक घातलं की काम झालं असतं. कुणाला कळणारही नव्हतं. मामांनी कात्री दोनदा उचलली आणि दोनदा ठेवली. दुपारी ताटावर बसले आणि तसेच उठले. मामींनी विचारलं तर पोटाचं निमित्त सांगितलं. मामी म्हणाल्या, "पोट दुखणारा माणूस हाताकडे बघत बसत नाही. काय केलंत?"

मामांनी सगळं सांगितलं. मामींनी उठून त्यांची चप्पल दाराशी सरळ करून ठेवली.

वाळूवर मास्तरांचा वर्ग भरला होता. ते नवख्यांना भाचीचंच उदाहरण देत होते. ती बाजूला बसून एका हातानं दोऱ्या गुंडाळत होती. मामा मधोमध जाऊन उभे राहिले. उभ्या आयुष्यात चार माणसांसमोर न बोललेला माणूस. त्यांनी मूठ मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाले, "ढकला."

मास्तरांनी ढकलली. मग गुडघ्यावर टेकवून ढकलली. मग नीट वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

मामा म्हणाले, धागा चुकला तो माझा. चुकलाय हे तेव्हाच कळलं होतं, तरी तसाच जाऊ दिला. पोरीचे हात चुकले नव्हते. मास्तरांनी भाचीकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की बंदी नाही, बोटं बरी झाली की परीक्षा पुन्हा. पतंग समुद्रात न्यायच्या आधी मूठ आपण स्वतः तपासायला हवी होती, हेही ते पुटपुटले. पण मामांना दोषाच्या त्या वाटणीत रस नव्हता.

भाची उठून जवळ आली. तिच्या डोळ्यांत राग होता की सुटका, मामांना कळेना. तिनं मूठ हातात घेऊन टाक्यांवरून बोट फिरवलं.

"पण घालायला मीच सांगितलं होतं ना?" ती म्हणाली.

मामांनी खिशातून कात्री काढली, दोन्ही टाके कापले आणि मूठ तिच्या धडधाकट हातात परत ठेवली.

"तू सांगितलंस गं. पण सुई माझ्या हातात होती. आता ढकल बघू एकदा, माझ्यासमोर."