पुढच्या बेटावर उतरलेली आई
दुबई मरीनात फेरीबोटीच्या डिझेलचा वास आला की मला ग्रीसमधली ती दुपार आठवते. साताऱ्याहून आलेल्या आईला घेऊन मी भाड्याच्या कॅम्परव्हॅनने तिथली बेटं फिरत होतो. एका बेटावर मी बोटीतून व्हॅन खाली उतरवली. आई जिन्याने उतरणार होती, पण गर्दीत मागेच राहिली आणि बोट सुटली. धक्क्यावरच्या तिकीट खिडकीतल्या बाईंनी लगेच बोटीवर फोन केला, तरी मी तिथेच येरझाऱ्या घालत राहिलो. संध्याकाळच्या बोटीने आई परतली. "पुढच्या बेटावर एका आजीने जेवू घातलं रे," ती म्हणाली. "तिचाही मुलगा परदेशात असतो, खुणांनीच सांगितलं तिने. तिने त्याचा फोटो दाखवला, मी तुझा दाखवला, आणि मग दोघीही रडलो." आई साताऱ्यात एकटी मजेत आहे, असंच मी तोवर समजून चाललो होतो. आता ती माझ्याजवळ दुबईत राहते.