बुधरीने उतरवलेल्या कैऱ्या

गडचिरोलीजवळच्या वनउद्यानाच्या फाटकावर बुधरी आठ वर्षे रोजंदारीवर आहे. तिच्या गावात आंब्याची पूजा होईपर्यंत कुणी कैरी तोंडाला लावत नाही. त्यामुळे उद्यानातले काही तोडू नये, हा नियम तिला पाटीवर वाचावा लागला नाही. माझा पुतण्या प्रफुल मोठा साहेब आहे. पाटी वाचूनही त्याला काही कळत नाही. रविवारी आम्ही उद्यान पाहून परत निघालो तेव्हा त्याच्या गाडीत पिशवीभर कैऱ्या होत्या.

"साहेब, पिशवी इथी ठेवा," बुधरी म्हणाली.

"मी कोण आहे माहीत आहे का? उद्या कामावर दिसणार नाहीस."

"असान मोठे साहेब. आमच्या गावानं अजून चाखल्या नाई, तुमालेच काऊन एवढी घाई?"

प्रफुलने तिच्या साहेबांना फोन लावला आणि बाईने शिवीगाळ केली असे सांगितले. एवढ्या शिक्षणातून तो खोटे बोलणे तेवढे नीट शिकला होता. मी गाडीतून उतरले, फाटकावरची तक्रारवही मागितली. तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कैऱ्या आणि फोनवरचे खोटे, सगळे लिहून सही केली: प्रफुलची सख्खी काकू.

ते वाचून प्रफुलने पुन्हा फोन लावला. आपला गैरसमज झाला म्हणाला. बुधरीने आधी पिशवी उतरवून घेतली, मगच फाटक उघडले.